एक पौंड धान्य : १८७७ चा दुष्काळ आणि आहारघटकांच्या शास्त्राचा इतिहास

१

इ. स. १८७६ साली मोसमी पावसाने दक्षिण हिंदुस्थानास दगा दिला आणि मद्रास व मुंबई हे दोन इलाखे, तसेच म्हैसूर व हैदराबाद ही संस्थाने दुष्काळाच्या तडाख्यात सापडली. मुंबई इलाख्यात सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा हे देशावरील जिल्हे आणि धारवाड, बेळगाव व त्या काळी कलादगी या नावाने ओळखला जाणारा विजापूरचा जिल्हा यांना विशेष झळ पोहोचली. खरीप बुडाला, रब्बीची आशा मावळली, धान्याचे भाव मजुराच्या आवाक्याबाहेर गेले. सरकारने रस्ते, तलाव, लोहमार्गाचे भराव अशी कामे काढली. खडी फोडणे व माती वाहणे या कष्टाच्या मोबदल्यात दुष्काळग्रस्तांनी आपले पोट भरावे, असा या कामांमागील हेतू होता.

१८७७ च्या आरंभी हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांस दुष्काळी प्रदेशाच्या पाहणीसाठी पाठविले. तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून याच टेंपलने मोठी मनुष्यहानी टाळली होती. परंतु त्यासाठी झालेल्या खर्चामुळे त्याच्यावर उधळपट्टीचा ठपकाही आला होता. आता व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या सरकारला काटकसर हवी होती. टेंपलने दुष्काळी कामावरील मजुरीचा नवा दर सुचविला. दीड पौंड धान्याच्या हिशेबाने पुरुषास मिळणारी मजुरी कमी करून ती एक पौंड धान्याची किंमत व वर अर्धा आणा एवढीच ठेवावी, आणि स्त्रियांस व मुलांस याहूनही काहीसे कमी द्यावे, असे ठरले. इतिहासात हा दर ‘टेंपल वेतन’ या नावाने ओळखला जातो.

एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. एवढ्या धान्यावर दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाचे शरीर टिकते काय? हा प्रश्न वरकरणी शरीरशास्त्राचा दिसतो. पण १८७७ साली तो तिजोरीचाही प्रश्न होता आणि लक्षावधी माणसांच्या जीवितमरणाचाही. त्यावर जो वाद झाला त्याचे वैशिष्ट्य असे की, धान्य अपुरे आहे असे सांगणाऱ्यांचा निष्कर्ष खरा होता, परंतु त्यासाठी दिलेली शास्त्रीय उपपत्ती बऱ्याच अंशी सदोष होती. योग्य निष्कर्ष आणि सदोष उपपत्ती यांचे हे साहचर्य पुढे शंभर वर्षे आहारशास्त्रात निरनिराळ्या रूपांनी डोकावत राहिले. प्रथिने, कर्बोदके व स्निग्ध पदार्थ या तीन मुख्य आहारघटकांच्या कार्याविषयीचे ज्ञान कसे घडत गेले, हे समजून घेण्यास त्या पौंडभर धान्याइतके सोयीचे प्रमाण दुसरे नाही.

२

अन्नाचे घटक वेगळे करून पाहण्याची दृष्टी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आली. फ्रान्समध्ये माजाँदी याने १८१६ साली कुत्र्यांना केवळ साखर, डिंक, ऑलिव्हचे तेल किंवा लोणी यांवर ठेवून पाहिले. पोटभर अन्न मिळूनही ते जनावर खंगत जाऊन मरे. नत्र नसलेल्या अन्नावर प्राणी जगत नाही, एवढे त्यावरून दिसून आले. १८२७ साली इंग्लंडमधील विल्यम प्राउट याने अन्नाचे शर्करामय, स्नेहमय व अंड्यातील पांढऱ्या बलकासारखे असे तीन मूळ प्रकार सांगितले. आजच्या त्रिविध विभागणीचे मूळ येथे आहे. १८३८ साली डच रसायनज्ञ मुल्डर याने तिसऱ्या प्रकारच्या द्रव्यास बर्झेलियसच्या सूचनेवरून ‘प्रोटीन’ हे नाव दिले. ‘अग्रस्थानी असलेले’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दापासून ते घडविलेले आहे. मराठीतील ‘प्रथिन’ हा शब्दही ध्वनी व अर्थ या दोन्ही अंगांनी त्याच्या जवळ जातो. नामकरणातच अग्रमान देण्यात आला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या अग्रमानास सिद्धांताचे रूप दिले ते जर्मन रसायनज्ञ लीबिग याने. १८४२ साली प्रसिद्ध झालेल्या प्राणिरसायनावरील ग्रंथात त्याने अन्नाचे दोन वर्ग केले. नत्रयुक्त अन्न शरीर घडविते आणि स्नायूंना बळ देते. नत्रहीन अन्न, म्हणजे पिष्ट, शर्करा व स्नेह, श्वसनाच्या द्वारे केवळ उष्णता निर्माण करते. स्नायू काम करतो तेव्हा त्याचे द्रव्यच खर्ची पडते आणि ते नत्रयुक्त अन्नाने भरून काढावे लागते, असे त्याचे प्रतिपादन होते. यावरून जो जितके कष्ट करील त्याला तितके अधिक नत्र पाहिजे, असा सोपा व्यवहारी नियम निघाला. लीबिगची कीर्ती आणि नियमाचा सोपेपणा यांमुळे तो रुग्णालये, लष्कर व तुरुंग यांच्या आहारपत्रकांत शिरला.

इंग्लंडमध्ये डॉक्टर एडवर्ड स्मिथ याने या नियमाची एक बाजू प्रत्यक्ष तपासली होती. तुरुंगातील पायचक्कीवर कैद्यांकडून काम करवून त्याने त्यांच्या उच्छ्वासाचे व मूत्राचे मापन केले. श्रमाबरोबर उच्छ्वासातील कार्बन डाय ऑक्साइड पुष्कळच वाढतो, परंतु मूत्रातील युरिया त्या मानाने फारसा वाढत नाही, असे त्याला आढळले. स्नायूंच्या श्रमात नत्रयुक्त द्रव्यच जळत असते तर युरियाही तसाच वाढावयास हवा होता. तथापि आहाराचे किमान प्रमाण सांगण्याची वेळ आली तेव्हा स्मिथनेही कर्ब व नत्र अशी दोन्ही मापे दिली. १८६२ साली अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस मिळेनासा होऊन लँकेशायरमधील गिरण्या बंद पडल्या, तेव्हा बेकार मजुरांच्या आहाराची त्याने पाहणी केली. उपासमारीचे रोग टाळण्यासाठी पुरुषास दररोज ४,३०० ग्रेन कर्ब व २०० ग्रेन नत्र आणि स्त्रीस ३,९०० ग्रेन कर्ब व १८० ग्रेन नत्र लागते, असे त्याने ठरविले. हे प्रमाण काम नसलेल्या माणसासाठी होते, हे येथे विशेषेकरून ध्यानात घ्यावयास हवे. २०० ग्रेन नत्र म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ८१ ग्रॅम प्रथिने होतात.

३

मद्रास सरकारचा आरोग्य आयुक्त डॉक्टर विल्यम कॉर्निश याने टेंपलच्या पौंडाला जाहीर हरकत घेतली. कॉर्निश हा या विषयात नवखा नव्हता. मद्रास इलाख्यातील लोकांच्या अन्नासंबंधी त्याने १८६० नंतरच्या दशकातच माहिती गोळा करून प्रसिद्ध केली होती आणि तुरुंगातील आहार व मृत्युसंख्या यांचा संबंध त्याच्या परिचयाचा होता. श्रम करणाऱ्या पुरुषास निदान दीड पौंड धान्य मिळावे आणि त्याशिवाय डाळ व भाजीपाला यांची जोड असावी, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या युक्तिवादात नत्राला प्रमुख स्थान होते. केवळ तांदळावर राहणाऱ्या मजुरास कष्टाच्या मानाने फारच थोडे नत्र मिळते, म्हणून तो खंगत जाणार, अशी ही विचारसरणी होती.

टेंपलची भूमिका अशी की, शास्त्रज्ञांचे सिद्धांत बाजूस ठेवून अनुभव पाहावा. एका पौंडाचा प्रयोग करावा आणि मजुरांच्या प्रकृतीवर त्याचा अनिष्ट परिणाम दिसला तरच दर वाढवावा. वरवर पाहता हा विचार समंजसपणाचा वाटतो. परंतु या प्रयोगाचे पात्र म्हणजे आधीच अर्धपोटी राहून कामावर आलेली माणसे होती, आणि परिणाम ‘दिसेपर्यंत’ थांबणे याचा अर्थ त्यांच्या शरीरातील साठा संपेपर्यंत थांबणे असा होता.

मुंबई इलाख्यात या दराला उत्तर दिले ते प्रथम स्वतः मजुरांनी. १८७७ च्या आरंभीच्या महिन्यांत नवी मजुरी घेण्याचे नाकारून हजारो माणसे दुष्काळी कामे सोडून निघून गेली. उपाशी माणसाने मिळत असलेली भाकरी नाकारावी, ही घटना अधिकाऱ्यांना चमत्कारिक वाटली. आळशी लोक काम टाळतात, असाही अर्थ तिचा लावण्यात आला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने मात्र या मजुरांची बाजू उचलून धरली. १८७० साली स्थापन झालेल्या या सभेचे सूत्रधार गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्यामागे विचारबळ उभे करणारे महादेव गोविंद रानडे यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवून ती सरकारपुढे मांडली. सभेच्या युक्तिवादात नत्राच्या ग्रेनांपेक्षा घराचा हिशेब महत्त्वाचा होता. मजुरीतून मजुराला केवळ स्वतःचे पोट भरावयाचे नसते. मीठमिरची, सरपण व कामावर येऊ न शकणारी माणसे यांचाही भार त्याच मजुरीवर असतो. तुरुंगातील कैद्यालाही सरकार याहून अधिक धान्य देते, मग निरपराध शेतकऱ्याला कमी का, हा सवालही या वादात पुढे आला.

मद्रास इलाख्यात काही महिन्यांतच एक मध्यम तोडगा निघाला आणि दर सव्वा पौंड धान्य व दीड औंस डाळ येथपर्यंत वाढविण्यात आला. पुढे १८८० साली दुष्काळ आयोगाने आपला अहवाल दिला व त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्यांत कष्टकरी पुरुषाचे पूर्ण शिधाप्रमाण दीड पौंड धान्याच्या आसपास धरून डाळ, मीठ व थोडे तेल किंवा तूप यांची जोड देण्यात आली. म्हणजे कॉर्निशचा आकडा अखेर मान्य झाला. दरम्यान या दुष्काळात मृत्यू पावलेल्यांची संख्या, सर्वात सावध अंदाज घेतला तरी, ५० लाखांच्या वर गेली होती. त्यांतील किती मृत्यू अपुऱ्या मजुरीमुळे, किती कामापर्यंत पोहोचताच न आल्यामुळे आणि किती साथींमुळे झाले, याची विभागणी करणे शक्य नाही. क्षीण शरीरावर हिवताप, पटकी व अतिसार झडप घालतात. तेथे भूक आणि रोग ही कारणे अलग राहत नाहीत.

४

शास्त्रेतिहासाच्या दृष्टीने या वादातील मौजेची गोष्ट अशी की, कॉर्निश ज्या सिद्धांताच्या आधारे बोलत होता तो सिद्धांत ११ वर्षांपूर्वीच ढासळला होता. १८६५ सालच्या ऑगस्ट महिन्यात झुरिक येथील शरीरशास्त्रज्ञ फिक व रसायनज्ञ विस्लिसेनुस हे स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न नावाचे शिखर चढून गेले. चढाईच्या आदल्या दिवसापासून त्यांनी नत्रयुक्त अन्न वर्ज्य केले होते. पिष्ट, चरबी व साखर एवढ्यावरच ते होते. सरोवराच्या पातळीपासून शिखर १,९५६ मीटर उंच. ६६ किलोग्रॅम वजनाच्या फिकने स्वतःचे शरीर तेथवर नेण्यासाठी सुमारे १,२९,००० किलोग्रॅम-मीटर इतके काम केले. मूत्रातील नत्रावरून त्या अवधीत त्याच्या शरीरात सुमारे ३७ ग्रॅम प्रथिने जळली असे निघाले. पुढच्याच वर्षी फ्रँकलंड याने निरनिराळे अन्नपदार्थ व युरिया जाळून त्यांची उष्णता प्रत्यक्ष मोजली. त्या हिशेबाने ३७ ग्रॅम प्रथिनांतून मिळणारी सर्व शक्ती केवळ शरीर वर उचलण्याच्या कामाच्या निम्म्याच्या आसपासच भरली. हृदय व श्वासाचे स्नायू यांचे काम आणि उष्णतेच्या रूपाने वाया गेलेली शक्ती तर त्यात धरलेलीच नव्हती. बाकीची शक्ती पिष्ट व चरबी यांतूनच आली असली पाहिजे, हे उघड झाले. नत्रहीन अन्न केवळ उष्णतेसाठी असते ही कल्पना येथे संपली.

यानंतर म्यूनिक येथे पेटेनकोफर व फोइट यांनी श्वसनकक्षात माणसांना ठेवून शरीराच्या जमाखर्चाचे मापन केले. फोइटचा शिष्य रुबनर याने १८८० नंतरच्या दशकात दाखविले की, शक्तीचे इंधन म्हणून तिन्ही घटक आपापल्या उष्णतामूल्याच्या प्रमाणात एकमेकांची जागा घेऊ शकतात. अमेरिकेत ॲटवॉटर याने शतकाच्या अखेरीस व्यवहारोपयोगी आकडे ठरविले. ग्रॅममागे प्रथिनांचे ४, कर्बोदकांचे ४ व स्निग्ध पदार्थांचे ९ उष्मांक, हे गुणक आजही वापरात आहेत.

परंतु सिद्धांत पडला तरी सवय पडली नाही. खुद्द फोइटने १८८१ साली मध्यम कष्टाच्या मजुरासाठी ११८ ग्रॅम प्रथिने, ५६ ग्रॅम स्निग्ध पदार्थ व ५०० ग्रॅम कर्बोदके, म्हणजे सुमारे ३,०५० उष्मांक, हे प्रमाण सांगितले. हे आकडे बव्हंशी जर्मन मजूर प्रत्यक्षात काय खातो यावरून घेतलेले होते. जो आहार प्रचलित तोच आवश्यक, असे गृहीत धरण्यात आले आणि ‘अग्रस्थानी असलेले’ द्रव्य अग्रस्थानीच राहिले.

आजच्या ज्ञानाच्या आधारे टेंपलच्या पौंडाकडे पाहिले तर चित्र असे दिसते. भारतीय अन्नघटकांच्या कोष्टकांनुसार एक पौंड सडलेल्या तांदळात सुमारे १,५६५ उष्मांक, ३१ ग्रॅम प्रथिने व जेमतेम दोन-अडीच ग्रॅम स्निग्धांश असतो. एक पौंड ज्वारीत सुमारे १,५८० उष्मांक, ४७ ग्रॅम प्रथिने व ८-९ ग्रॅम स्निग्धांश. स्मिथच्या मापांनी पाहता पौंडभर तांदळात नत्र ७५ ते ८० ग्रेन, म्हणजे त्याच्या किमान प्रमाणाच्या दोन-पंचमांशाहूनही कमी भरते. पण कर्बही २,७०० ग्रेनांच्या आसपास, म्हणजे सुमारे पाच-अष्टमांशच भरतो. नत्राची तूट डोळ्यांत भरणारी होती, म्हणून सर्वांचे लक्ष तिकडे गेले. कर्बाची तूट, म्हणजेच शक्तीची तूट, आकड्यांत दिसत असूनही तिच्याकडे त्या मानाने लक्ष गेले नाही.

वास्तविक मूळ तूट तीच होती. शरीराला पहिली निकड शक्तीची असते. मेंदूला दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. यकृतातील ग्लायकोजेनचा साठा सुमारे १०० ग्रॅम असून तो एखाद्या दिवसाच्या उपवासात संपतो. स्नायूंतील ग्लायकोजेन त्या त्या स्नायूच्याच उपयोगी पडते. चरबीचा साठा दीर्घकाळ पुरतो, परंतु चरबीतील मेदाम्लांपासून शरीर ग्लुकोज बनवू शकत नाही. म्हणून कर्बोदके अपुरी पडली की स्नायूंतील प्रथिने मोडून त्यांची अमिनो आम्ले यकृताकडे नेली जातात. त्यांतील नत्र युरियाच्या रूपाने बाहेर टाकले जाते आणि उरलेल्या सांगाड्यापासून ग्लुकोज तयार होते. उपास लांबल्यावर मेंदू चरबीपासून बनणाऱ्या कीटोन द्रव्यांवर काही अंशी भागवू लागतो व ही झीज मंदावते, पण थांबत नाही. चरबी व पिष्टाचा साठा असतो तसा प्रथिनांचा निष्क्रिय साठा शरीरात नसतो. स्नायू, आतडी, यकृत व हृदय हाच तो ‘साठा’. तात्पर्य, शक्तीची तूट असताना खाल्लेली प्रथिनेही शरीर घडविण्याच्या कामी न येता बव्हंशी इंधन म्हणून जळतात. अर्धपोटी मजुराला नत्राची वाण पडली हे खरे. पण ती पडली त्याचे मोठे कारण त्याचे पोट पिष्टानेही भरले नव्हते.

टेंपलला हवा असलेला ‘प्रयोग’ काटेकोर पद्धतीने झाला तो सुमारे ७० वर्षांनी आणि वेगळ्याच हेतूने. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपातील उपासमारग्रस्तांचे पुनर्वसन कसे करावे, हे ठरविण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज याने ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना १९४५ साली २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांना दररोज सरासरी सुमारे १,५७० उष्मांक व ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने दिली जात. हे प्रमाण एका पौंड ज्वारीच्या किती जवळ आहे, हे वर दिलेल्या आकड्यांवरून दिसेल. २४ आठवड्यांत त्या तरुणांचे वजन सरासरीने जवळजवळ एक-चतुर्थांश घटले. बळ खचले, नाडी मंदावली, अंगावर सूज आली, मन अन्नाखेरीज दुसऱ्या कशावर ठरेना. आणि हे तरुण प्रयोगापूर्वी सुपोषित होते. त्यांना आठवड्यात २२ मैल चालावयाचे होते, उन्हात खडी फोडावयाची नव्हती. टेंपलच्या वेतनात वरच्या अर्ध्या आण्याचे आणखी मूठभर धान्य घेता येई हे धरले, तरी या निकालात फरक पडत नाही.

५

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत चिटेंडेन याने सैनिक व खेळाडू यांच्यावर प्रयोग करून दाखविले की, फोइटच्या प्रमाणाच्या निम्म्या प्रथिनांवरही प्रौढ माणूस उत्तम प्रकृती व बळ राखू शकतो. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शरीरशास्त्राचा प्राध्यापक मॅके याने त्याला विरोध केला. बंगालमधील कैदी व विद्यार्थी यांच्या आहाराचा अभ्यास करून १९१२ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले की, भातखाऊ लोकांचे दुबळे शरीर व मंद उत्साह हा अल्प प्रथिनांचा परिणाम होय. प्रांतोप्रांतीच्या लोकांच्या स्वभावाचे मूळ अशा रीतीने नत्रात शोधण्यात आले. दारिद्र्य, हिवताप व पोटातील जंत यांचा विचार मागे पडला.

यानंतर कुन्नूर येथे मॅक्कॅरिसन याने उंदरांना हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतील आहारावर वाढवून पाहिले. गहू, दूध, लोणी, डाळ व भाज्या असलेला शीख आहार सर्वांत उत्तम ठरला; मराठी आहार वरच्या क्रमांकांत आला आणि बंगाली व मद्रासी आहार अखेरीस राहिले. मॅक्कॅरिसनचे मत मात्र मॅकेपेक्षा व्यापक होते. केवळ प्रथिने नव्हे, तर जीवनसत्त्वे, क्षार व दुधातील सत्त्व या सर्वांचा मिळून हा परिणाम आहे, असे त्याने ओळखले. त्याच संस्थेत पुढे आयक्रॉइडच्या नेतृत्वाखाली भारतीय खाद्यांच्या पोषणमूल्यांची कोष्टके तयार झाली. १९५८ साली ही संस्था हैदराबादेस हलली आणि १९६९ साली राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

प्रथिनांच्या अग्रमानाची सर्वांत मोठी लाट मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर आली. १९३३ साली डॉक्टर सिसिली विल्यम्स हिने आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट येथील मुलांमध्ये सूज, त्वचेचे विकार व केसांचा रंग फिका पडणे या लक्षणांचा एक रोग वर्णिला. पुढे तो क्वाशिओरकोर या तेथील नावानेच प्रसिद्ध झाला. प्रथिनांची कमतरता हे त्याचे कारण ठरविण्यात आले आणि पाहता पाहता ‘जगातील प्रथिनांची तूट’ हा आंतरराष्ट्रीय चिंतेचा विषय बनला. १९५५ साली संयुक्त राष्ट्रांच्या क्षेत्रात प्रथिनविषयक सल्लागार मंडळ स्थापन झाले. मासळीचे पीठ, तेलबियांच्या पेंडीचे पीठ, कृत्रिम लायसिन अशा योजना पुढे आल्या. १९६८ साली तर ‘प्रथिनांचे येऊ घातलेले संकट’ टाळण्यासाठी राष्ट्रांना आवाहन करण्यात आले.

६

ही लाट परतविण्यात भारतीय संशोधकांचा, आणि त्यांतही एका मराठी संख्याशास्त्रज्ञाचा, वाटा मोठा आहे. हैदराबादेत डॉक्टर सी. गोपालन व त्यांचे सहकारी यांना असे आढळले की, सारखाच आहार घेणाऱ्या गरीब मुलांपैकी काहींना क्वाशिओरकोर होतो तर काहींना केवळ सुकटी; तेव्हा प्रथिनांची उणीव एवढेच कारण पुरेसे नाही. १९७३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कुपोषित मुलांना रोज सुमारे ३१० उष्मांक व केवळ ३ ग्रॅम प्रथिने असलेला पूरक आहार दिला असता त्यांची वाढ स्पष्टपणे सुधारली. तृणधान्य व डाळ यांच्या आहारात प्रथिनांचे प्रमाण मुळात वाईट नसते. तृणधान्यात लायसिन कमी, डाळीत ते विपुल, अशी ही जोडी एकमेकींची उणीव भरून काढते. उणीव होती ती आहाराच्या एकूण राशीची. लहान मुलाच्या पोटात पाणीदार व जडान्नाची मोठी राशी मावत नाही. तेथे ग्रॅममागे ९ उष्मांक देणाऱ्या तेलातुपाचे महत्त्व कळते. १८७७ च्या वादात स्निग्धांशाची आठवण फारशी कोणी काढली नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे.

सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे १९५१ पासून सुमारे वीस वर्षे जागतिक अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. आहार-पाहणीचे आकडे घेऊन त्यांनी एक साधा प्रश्न विचारला : ज्यांना प्रथिने कमी पडतात त्यांतील किती जणांना उष्मांक पुरेसे मिळतात? १९७० साली भारतातील आहारांविषयी त्यांनी दिलेले उत्तर असे की, अशी माणसे थोडीच आहेत. पोटभर धान्य-डाळ मिळणाऱ्याला प्रथिने बहुधा मिळतातच. प्रथिनांची तूट ही बव्हंशी भुकेची छाया आहे. पुढे १९७३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीच्या अहवालात प्रथिनांची आवश्यकता पूर्वीपेक्षा कमी ठरविण्यात आली आणि १९७४ साली मॅक्लॅरेन याने ‘लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकात प्रथिनांच्या या सबंध प्रकरणाची ‘महान फजिती’ अशा शब्दांत वासलात लावली.

येथवरच्या इतिहासावरून उष्मांकांचा विजय झाला आणि प्रश्न मिटला, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु तसे झाले नाही. १९७१ साली पुण्यात वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचे मोजमाप करताना दरडोई दररोज २,२५० उष्मांक हे प्रमाण आधारभूत मानले. पुढे सुखात्मे यांनी त्यावर आक्षेप घेतला. एकाच निरोगी माणसाची शक्तीची गरज दिवसादिवसाला कमीअधिक होते व शरीर काही मर्यादेत आपला खर्च आवरते. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी मानता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. या हिशेबाने उपासमारीची रेषा बरीच खाली येत होती आणि उपाशी माणसांची संख्याही घटत होती. दांडेकर यांनी या विवेचनाला सविस्तर उत्तर दिले. गोपालन यांनीही बजावले की, शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते ते फुकट नव्हे. खुंटलेली उंची, घटलेली कार्यशक्ती व मंदावलेली हालचाल ही त्याची किंमत असते. ज्या संशोधकाने भुकेचे खरे स्वरूप दाखविले त्याच्याच पुढील गणितातून भुकेची मर्यादा आखडली जावी, हा या इतिहासातील विलक्षण विरोध होय. टेंपल आणि सुखात्मे यांची तुलना करणे अन्यायाचे ठरेल. एकाचा हेतू खर्च वाचविण्याचा होता, दुसऱ्याचा मापन शुद्ध करण्याचा. तथापि ‘माणूस किती कमी अन्नावर टिकतो’ आणि ‘माणसाला काम करून सुखाने जगण्यास किती अन्न लागते’ हे दोन भिन्न प्रश्न आहेत, ही गोष्ट दोन्ही प्रसंगी दृष्टीआड झाली.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली सांगितलेल्या प्रमाणानुसार ६५ किलोग्रॅम वजनाच्या कष्टकरी पुरुषास सुमारे ३,४७० उष्मांक लागतात, तर प्रथिनांचे शिफारस केलेले प्रमाण ५४ ग्रॅमच आहे. १८७७ चा मजूर ५० किलोग्रॅमचा धरला तरी वजनाच्या प्रमाणात २,६०० च्या वर उष्मांक होतात. दीड पौंड धान्य, त्यावर डाळ व थोडे तेल यांची बेरीज याच्या बरीच जवळ जाते. नत्राच्या चुकीच्या वाटेने निघालेला कॉर्निश योग्य मुक्कामी पोहोचला होता, तो त्याने तुरुंगांतील व शिबिरांतील माणसांची शरीरे पाहिली होती म्हणून. आणि त्याच निष्कर्षावर खडीच्या ढिगाऱ्यावरून उठून गेलेले देशावरील मजूर, कोणत्याही सिद्धांतावाचून, त्याच सुमारास येऊन ठेपले होते.